वलीभाईंचे मनगटपट्टे

वली फणसोपकर बहरीनमध्ये प्लास्टरचं काम करतो असं कळलं की गावाकडचे लोक त्याला गवंडी समजायचे. मग त्याला सांगावं लागे की आपण भिंतींना नाही, मोडलेल्या हातापायांना प्लास्टर लावतो. रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात तो वॉर्डबॉय म्हणून लागला आणि तिथल्या एका म्हाताऱ्या कंपाउंडरच्या हाताखाली हे काम शिकला. १९८४ साली एका ओळखीच्या माणसाच्या मार्फत बहरीनच्या राजधानीतल्या, मनामातल्या एका खाजगी इस्पितळाचा व्हिसा मिळाला, तेव्हा त्याचं वय एकतीस होतं. तेव्हापासून तो हाडांच्या विभागातल्या त्या खिडकी नसलेल्या खोलीतच होता. एक उंच टेबल, कोमट पाण्याची बादली, पांढऱ्या पट्ट्यांची भेंडोळी आणि प्लास्टर कापायची गोल करवत, एवढा त्याचा संसार.

हाताला मात्र गुण होता. वलीने लावलेलं प्लास्टर कधी टोचत नसे, घट्ट होऊन बोटं निळी पडत नसत. विभागाचे सुदानी डॉक्टर इद्रीस फारसं कुणाचं कौतुक करणारे नव्हते, पण लहान मूल आलं की ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत, वलीलाच बोलवायचे. वली बोलायला लाजाळू. आपलं काम बरं नि आपण बरे, असा त्याचा स्वभाव. नईम मोहल्ल्यात दोन खोल्यांचं घर, बायको मुनीरा आणि मुलगी तूबा. शुक्रवारी जुम्याची नमाज, मग बाब अल बहरीनच्या बाजाराकडे एक फेरी, संध्याकाळी गावाकडचे चार लोक. त्याच्या आयुष्याबद्दल कुणी विचारलं असतं तर सांगण्यासारखं त्याला स्वतःलाच काही सापडलं नसतं.

मग तो डोंगर आला.

रिफाच्या पलीकडे, वाळवंटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका कंपनीने समुद्रातून उपसलेल्या रेतीचा प्रचंड ढीग घालून ठेवला होता. पाच-सहा मजली इमारतीएवढा उंच. बरीच वर्षं तो तसाच पडून होता. १९९२च्या हिवाळ्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि त्या ढिगाची एक बाजू सारखी करून उतार बनवला गेला. युरोपातल्या कुठल्याशा बर्फाळ गावातून वापरून टाकलेल्या स्नोबोर्डच्या फळ्या आल्या. माणसाच्या छातीपर्यंत येणारी लांबट फळी, तिच्यावर दोन्ही पाय पट्ट्यांनी बांधायचे आणि उभ्यानेच उतारावरून घसरत खाली यायचं. कोरड्या रेतीत फळी रुतते म्हणून पहाटे टँकरने पाणी मारून वर रूळ फिरवत. नोव्हेंबर ते मार्च हा त्याचा मोसम. गुरुवार-शुक्रवारी तिथे जत्रा भरायची. समुद्रावरच्या लांब पुलावरून सौदी कुटुंबं यायची, जुफैरच्या नाविक तळावरचे गोरे खलाशी यायचे, शाळांच्या सहली यायच्या. आपली माणसं त्याला नुसतं ‘डोंगर’ म्हणायची. बर्फ आयुष्यात न पाहिलेली मुलं ‘आम्ही स्नोबोर्डिंगला जातो’ असं ऐटीत सांगायची.

आणि शनिवारी सकाळी वलीच्या दाराशी रांग लागायची. जवळजवळ सगळी मनगटं. पाय फळीला बांधलेले, त्यामुळे तोल गेला की पाऊल टाकून सावरायला वाव नाही. माणूस हात पुढे करतो आणि अंगाचा सगळा भार उघड्या तळव्यावर येतो. खाली पाणी पिऊन सिमेंटसारखी घट्ट झालेली रेती. अंगठ्याकडचं हाड मनगटाच्या जरा वर मोडून मागे सरकायचं आणि हात उलट्या ठेवलेल्या काट्या-चमच्यातल्या काट्यासारखा दिसायचा. वलीने असे हात वर्षानुवर्षं पाहिले होते, पण तिशी-चाळिशीतली माणसं जिन्यावरून पडल्यावर. आता दहा-बारा वर्षांची मुलं येऊ लागली. तो पट्ट्या भिजवत राहिला, लावत राहिला. हे आपल्याच घरी येईल असं त्याच्या मनातही आलं नाही.

जानेवारी १९९४मध्ये तूबाच्या शाळेची सहल डोंगरावर गेली. ती दहा वर्षांची होती. संध्याकाळी तूबाला इस्पितळात घेऊन येत असल्याचा शाळेच्या बाईंचा फोन आला आणि वली इस्पितळातून घरी जायला निघाला होता तो तिथेच थांबला. तूबा रडली नाही. उजवा हात डाव्या हातात धरून, एखादं दुसऱ्याचं सामान आणून द्यावं तसा तिने तो टेबलावर ठेवला. डॉक्टर इद्रीसनी हाड ओढून जागेवर बसवलं आणि वलीने प्लास्टर लावलं. आपल्या पोरीच्या हाताला लावताना त्याची बोटं थरथरली नाहीत याचा त्याला नंतर बरेच दिवस अभिमान वाटत होता. सहा आठवड्यांनी प्लास्टर काढलं. एक्स-रेच्या फोटोत हाड सरळ दिसलं. डॉक्टरांनी तूबाला चॉकलेट दिलं.

वर्षभर सगळं ठीक होतं. पुढच्या वर्षीच्या ईदला मुनीरा लेकीच्या हातात बांगड्या भरत होती. डाव्या हातातल्या सरळ बसल्या, उजव्या हातातल्या एका बाजूला कलंडल्या. तिने त्या काढून पुन्हा भरल्या. मग वलीला हाक मारली. करंगळीच्या बाजूला मनगटावर हाडाचा एक उंचवटा आला होता, आणि पंजा अंगठ्याच्या बाजूला झुकला होता. अगदी थोडा. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. वलीला दिसला.

फोटो काढल्यावर डॉक्टर इद्रीसनी तो उजेडावर धरला आणि वलीला समजावलं. मुलांच्या हाडाला टोकाशी एक कोवळी जागा असते, तिथून हाड वाढतं. पडताना ती जागा चिरडली गेली होती. तेव्हा फोटोत ते दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी कळतं. अंगठ्याकडच्या हाडाची वाढ थांबली होती, शेजारचं हाड मात्र वाढतच होतं. तूबा जसजशी मोठी होईल तसतसा हात वाकडा होत जाणार. वाढ पुरी झाल्यावर ऑपरेशन करता येईल, तोवर बघत राहायचं. वलीने विचारलं की आपल्या प्लास्टरमध्ये काही चुकलं का. डॉक्टर म्हणाले, नाही, प्लास्टर उत्तम होतं. हे ऐकून त्याला बरं वाटायला हवं होतं. उलट त्याला असं वाटलं की आपल्या हातात जे काही होतं ते सगळं नीट करूनही काहीच हाती लागलं नाही, आणि खरं करायचं होतं ते पोर पडायच्या आधी.

तिथून वली बदलला. प्लास्टर लावताना तो आता विचारू लागला. कसे पडलात? पुढे की मागे? किती वाजता? आज कितव्यांदा गेला होतात? त्याने शाळेची दोनशे पानी वही आणली आणि त्यात लिहायला लागला. मार्च ९६पर्यंत, एका मोसमात, त्याच्या एकट्याच्या टेबलावर त्रेचाळीस मनगटं आली. त्यांतली एकोणतीस माणसं आयुष्यात पहिल्यांदाच फळीवर उभी राहिली होती. त्यांना कुणी काही शिकवलं नव्हतं, पट्टे बांधून थेट वरून सोडलं होतं. निम्म्याहून जास्त सकाळच्या वेळी, रेती ओली आणि कडक असताना पडली होती. वली फारसा शिकलेला नव्हता, पण एवढं समजायला शिक्षण कशाला लागतं?

हे सगळं इंग्रजीत मांडून द्यायला त्याला गुरुप्रसाद आगाशे भेटले. पुण्याचे, एका बँकेत अकाउंटंट, जुफैरला राहणारे. बॅडमिंटन खेळताना त्यांचा घोटा मोडला होता, तेव्हा वलीने प्लास्टर लावलं आणि मराठी ऐकून दोघांची गट्टी जमली. गुरुप्रसाद आणि त्यांची बायको नीला यांनी जेवणाच्या टेबलावर बसून वहीतल्या नोंदींचं एक नीटनेटकं पत्र बनवलं. नव्या माणसांसाठी वेगळा छोटा उतार ठेवा. पडायचं कसं हे आधी शिकवा: मूठ मिटून, कोपरं दुमडून. सकाळी पाणी कमी मारा. आणि मनगटांना संरक्षण द्या. गुरुप्रसाद म्हणाले की यात नाही म्हणण्यासारखं काय आहे?

डोंगराचा मॅनेजर इलियास लेबनानचा होता. त्याने खरा बर्फ पाहिला होता, लहानपणापासून त्यावर घसरला होता. त्याने वलीला कॉफी पाजली, पत्र वाचलं आणि सौम्यपणे सांगितलं की आमच्या लेबनानच्या डोंगरात लोक पाय मोडून घेतात आणि पुढच्या वर्षी परत येतात, खेळ म्हटला की हे आलंच. शिवाय दारावर पाटी लावलेली आहे की इथे उतरायचं ते आपापल्या जबाबदारीवर. छोटा उतार करायला जागा नाही. शिकवायला माणूस ठेवणं मालकाला परवडणार नाही. आणि हाताला काही बांधून सोडलं तर लोकांना वाटेल की हे धोक्याचं आहे. वली दुसऱ्यांदा गेला, तिसऱ्यांदा गेला. तिसऱ्या वेळी इलियास कंटाळून म्हणाला की तुला एवढंच वाटतं तर शुक्रवारी दाराशी बस आणि ज्याला हवं त्याला दे. माझी ना नाही, पण माझा संबंधही नाही.

वलीला तेवढं पुरेसं होतं.

पट्टा त्याने स्वतःच्या डोक्याने काढला. तळव्याच्या बाजूला अॅल्युमिनियमची बोटभर रुंद पट्टी, हाताच्या आकाराला किंचित वळवलेली, म्हणजे पडताना पंजा मागे मुडपणार नाही. वरून स्पंज, त्यावर रेक्झिन, बांधायला वेल्क्रोचे दोन बंद. मुनीराने मशिनीवर शिवायला घेतले. सुया मोडल्या, रेक्झिनने तिची बोटं सोलवटली. ती एकदा म्हणाली, “तूबाचे अब्बा, दुनियेच्या पोरांचे हात आपण कशाला बांधायचे?” पण शिवायची थांबली नाही. नोव्हेंबरपर्यंत चाळीस जोड तयार झाले.

मग दर शुक्रवारी जुम्यानंतर वली टॅक्सी करून डोंगरावर जायचा आणि दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर खोका घेऊन बसायचा. लाजाळू माणूस तो, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून हिंदीत, मोडक्या अरबीत, चार शब्द इंग्रजीत सांगू लागला. खलाशी हसायचे. पोरं म्हणायची, हे काय बायकांच्या बांगड्यांसारखं? चव्वेचाळीस वर्षांचा वली मग स्वतः रेतीवर धपकन पडून दाखवायचा, मूठ अशी मिटा, कोपरं अशी घ्या. पोरं टाळ्या वाजवायची आणि पुन्हा पडायला सांगायची. तो पुन्हा पडायचा. कपड्यांतली रेती घरभर व्हायची.

तरीही लोक मानत नसत तेव्हा तो तूबाला पुढे बोलवायचा. तो तिला मुद्दाम सोबत आणू लागला होता. तिची बाही वर सारून तो आई-बापांना तिचं मनगट दाखवायचा, हे बघा, माझ्या पोरीचं असं झालं, माझ्याच हाताने प्लास्टर लावूनही असं झालं. ते मात्र लागू पडायचं. आया मुलांच्या हाताला पट्टे बांधून घ्यायच्या. तूबा तोवर हात पुढे करून, दुसरीकडे बघत उभी असायची.

तो हिवाळा वलीच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता. फेब्रुवारीपर्यंत सव्वादोनशे वेळा पट्टे बांधले गेले आणि त्यातला एकही हात मोडला नाही. न बांधलेली एकोणीस मनगटं त्याच्या टेबलावर आली. दर शनिवारी संध्याकाळी तो वहीत मांडत असे आणि मुनीराला वाचून दाखवत असे. तो पोटभर जेवू लागला. डॉक्टर इद्रीसना दाखवावं असं त्याला बऱ्याचदा वाटलं, पण मोसम संपू दे, आकडा पुरा होऊ दे, म्हणून तो थांबला.

रमजान संपला, ईद झाली. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात गुरुप्रसादांचा फोन आला. त्यांची मुलगी कश्मिरा तेरा वर्षांची होती, मैत्रिणींबरोबर डोंगरावर जायचं म्हणून हट्ट धरून बसली होती. नीला नको म्हणत होती. गुरुप्रसादांनी विचारलं, पाठवू का? वली म्हणाला, पाठवा साहेब, मी तिथेच आहे, मी स्वतः तिच्या हाताला बांधीन.

आणि त्याने स्वतः बांधले. दोन्ही हातांना, नीट मापाचे, वेल्क्रो दाबून. तिला दोनदा पडून दाखवलं, तिच्याकडून दोनदा करून घेतलं. कश्मिरा शहाणी मुलगी, तिने सगळं मन लावून केलं. मग ती वर गेली. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला अर्ध्या उतारावर फळीचं टोक रुतलं आणि ती पुढे फेकली गेली. वली खालून पाहत होता. शिकवलेलं विसरून तिने हात पुढे टाकला, कुणीही टाकलाच असता.

तो धावत वर गेला. मनगट शाबूत होतं. पट्टा जागच्या जागी होता. पट्टी जिथे संपत होती तिथून मात्र, मनगटाच्या चार बोटं वर, हात दुमडला होता. जिथे सांधा नसतो तिथे हात दुमडलेला पाहून बरोबरच्या मुली किंचाळत बाजूला झाल्या. वली गुडघे टेकून बसला आणि त्याला ते एका नजरेत कळलं. जोर कुठेतरी जाणारच होता. त्याने मनगट बांधून टाकलं, तेव्हा तो जोर ती कडक पट्टी जिथे संपते त्या कडेवर गेला आणि तिथे दोन्ही हाडं एकदम गेली. एवढी वर्षं मोडलेली हाडं हाताळणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. त्याला ते सुचलं नव्हतं.

त्या हाताला ऑपरेशन करून आत धातूच्या दोन पट्ट्या बसवाव्या लागल्या. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर इद्रीसनी कापून काढलेला पट्टा उलटसुलट करून पाहिला आणि हा कुणी बनवला म्हणून विचारलं. वलीने सांगितलं. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले की तू तंत्रज्ञ आहेस, तुला अशा वस्तू बनवून लोकांना बांधायचा परवाना नाही, आणि कुणी विचारलं तर मला यातलं काही माहीत नव्हतं असंच मी सांगेन, कारण ते खरंच आहे. वलीने वही पुढे केली. डॉक्टरांनी दोन पानं पाहिली आणि परत दिली. म्हणाले, हे छापून आलेलं नाही, हे कुणी तपासलेलं नाही. उद्या या मुलीच्या बापाने तक्रार केली तर ही वहीच तुझ्याविरुद्ध जाईल. आठवड्याभरात इस्पितळाच्या कचेरीतून लेखी ताकीद आली. पुन्हा असं घडल्यास व्हिसा रद्द होईल असं तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं.

गुरुप्रसादांनी तक्रार केली नाही. वली त्यांच्या घरी गेला. मुनीरा नको म्हणत होती, पण त्याला राहवेना. पिशवीत वही होती. सव्वादोनशेतला एक आणि त्या बाजूला एकोणीस, हे त्याला सांगायचं होतं. म्हणजे आपण अगदीच वेडे नव्हतो, एवढं तरी त्यांना कळावं. नीलाने दार उघडलं, आत घेतलं, चहा ठेवला. कश्मिरा सोफ्यावर उशीवर हात ठेवून बसली होती. तिने “हॅलो अंकल” म्हटलं आणि टीव्हीकडे पाहू लागली. वलीने पिशवी मांडीवर धरली. ती उघडायला हात उचलेना. एकोणीस हात तिचे नव्हते, हा एक तिचा होता.

गुरुप्रसाद म्हणाले, “वलीभाई, ती तशी घाबरट आहे. पट्टे नसते तर ती वरपर्यंत गेलीच नसती. तुम्ही बांधलेत म्हणून ती गेली.”

ते शांतपणे म्हणाले, दोष दिल्यासारखं नाही. दोष दिला असता तर वलीला काही बोलता आलं असतं.

“आम्ही पाठवलं तेही तुम्ही म्हणालात म्हणून,” नीला म्हणाली. मग तिने साखर हवी का विचारलं.

तो चहा पिऊन उठला. त्यानंतर गुरुप्रसादांचा फोन कधी आला नाही आणि त्यानेही केला नाही.

डोंगरावर इलियासने खोका बाहेर टाकून दिला होता. दारावर नवी पाटी लागली, हाताला कोणतीही कडक वस्तू बांधून उतरण्यास सक्त मनाई. वली समजवायला गेला. पट्टी लांब आणि लवचीक केली, कोपरापर्यंत नेली, कड मऊ केली तर जोर एका जागी येणार नाही, हे तो सांगत होता. इलियासने ऐकून घेतलं. म्हणाला, “माझ्याकडे चार वर्षांत शेकडो हात मोडले, मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. तुझ्या पट्ट्याने एक मोडला आणि मला मालकाला उत्तर द्यावं लागलं.” वलीला हे इतकं खरं वाटलं की तो परत फिरला.

तरी घरी आल्यावर त्याने नवा पट्टा करायला घेतला. वेड्यासारखा. मशिनीवर मुनीरा बसायला तयार नव्हती, म्हणून त्याने हाताने टाके घातले. मऊ स्पंजचे तीन थर, आत पातळ प्लास्टिक, टोकाकडे आणखी पातळ होत गेलेलं. माप घ्यायला त्याने तूबाला बोलावलं. ती गृहपाठ करत होती, डाव्या हाताने. गेल्या वर्षापासून उजव्या हाताने लिहिताना तिचं मनगट दुखायचं, म्हणून ती डाव्याने लिहायला शिकली होती आणि हे त्याच्या नीट लक्षातही आलं नव्हतं. ती आली. त्याने सवयीने तिची बाही वर सारली.

तिने हात काढून घेतला.

“प्लीज अब्बा, नो मोअर,” ती म्हणाली.

त्याला वाटलं तिला पट्टा टोचला. तो म्हणाला, “मऊ हाय गो हा. बघ तर.”

तूबा घरात बहुतेक इंग्रजीच बोलायची. आई-बापाचं मराठी तिला सगळं कळे, पण उत्तर इंग्रजीत येई. त्या दिवशी ती थांबून, शब्द शोधत मराठीत बोलली. “माझा हात लोकांना दाखवू नका. सगळे बघायचे. मला नाय आवडायचा. मी तुमच्यासाठी उभी राहायची.”

मुनीरा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, म्हणजे तिला हे आधीपासून माहीत होतं. वलीच्या डोळ्यांसमोर ते सगळे शुक्रवार आले: दाराशी तूबा हात पुढे करून, मान फिरवून उभी आहे. त्याला वाटायचं ती डोंगराकडे बघते आहे. शंभरेक अनोळखी माणसांना त्याने तिचं मनगट धरून दाखवलं होतं, आणि प्रत्येक वेळी तिला विचारायचं राहून गेलं होतं.

“बरं,” तो म्हणाला. त्याने सुई-दोरा गोळा केला, अर्धवट पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि वर वर्तमानपत्राची घडी ठेवली, म्हणजे तो कुणाला दिसू नये.

पुढच्या हिवाळ्यात त्याने वही उघडली नाही, पण मोजायचं म्हणून न मोजताही आकडा डोक्यात राहायचा. एकतीस मनगटं. त्यात नऊ मुलं बारा वर्षांच्या आतली. पोरांची प्लास्टरं काढताना आता त्याला त्यांच्या हाडाची ती कोवळी जागा दिसत राहायची. यातल्या कुणाच्या बांगड्या, कुणाचं घड्याळ दोन वर्षांनी कलंडेल, हे फोटोत दिसत नव्हतं आणि तो कुणाला सांगूही शकत नव्हता. त्याची भूक गेली. संध्याकाळचे गावाकडचे लोक त्याच्याकडे यायचे ते कमी झाले, कारण तो मध्येच उठून आत जायचा. मुनीराने त्याला सुट्टी घेऊन गावी जाऊन येऊ म्हणून सुचवलं. तो म्हणाला, तिथे जाऊन काय करू?

१९९८च्या उन्हाळ्यात डोंगर नाहीसा झाला. उत्तरेकडे समुद्रात भर घालायचं काम निघालं होतं, त्या कंत्राटदाराला रेती हवी होती आणि ढिगाच्या मालकाला चांगला भाव मिळाला. ट्रकांची रांग लागली. सहा आठवड्यांत सगळं सपाट. वली एका शुक्रवारी टॅक्सीने जाऊन बघून आला. पाटी, दार, खुर्ची, काहीच नव्हतं. फक्त ट्रकांच्या चाकांच्या खुणा. तिथे हात मोडणं थांबावं म्हणून त्याने पत्र लिहून घेतलं, माणसांच्या विनवण्या केल्या, रेतीवर पडून दाखवलं, लेकीचा हात पुढे केला, आणि ते थांबलं ते कुणाच्या हाताची पर्वा न करता, रेतीची गरज पडली म्हणून. त्याला बरं वाटलं नाही. त्याला काहीच वाटलं नाही, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

तूबा पंधरा वर्षांची झाली तेव्हा मुनीरा तिला घेऊन मुंबईला गेली. एका मोठ्या सर्जनने वाढलेलं हाड कापून आखूड केलं. हात थोडा सरळ झाला, पण बोटं पूर्ण मिटेनात. सर्जन म्हणाले की आणखी आधी आणायला हवं होतं. डॉक्टर इद्रीसनी थांबायला सांगितलं होतं. कुणाचं खरं, हे वलीने कुणालाच विचारलं नाही. परतीच्या दिवशी तो विमानतळावर घ्यायला गेला, तेव्हा तूबाने लांब बाह्यांचा कुर्ता घातला होता. तिने डाव्या हाताने त्याच्या हातातली ट्रॉली घेतली आणि ती ढकलत पुढे चालू लागली.

त्याच वर्षी, डिसेंबरात, मुहर्रकची एक बाई आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. चाकांच्या बुटांवरून पडली होती. तसंच मनगट, तोच वाकलेला काटा. वलीने पट्ट्या भिजवल्या, पिळल्या, गुंडाळल्या, तळव्याने चोपून सारख्या केल्या. मुलगी रडायची थांबून त्याच्या हातांकडे बघत होती. काम झाल्यावर आईने त्याला अरबीत विचारलं की पुन्हा असं होऊ नये म्हणून आम्ही काय काळजी घ्यावी. हातात काही घालायला द्यावं का? हिला पडायचं कसं हे शिकवता येतं का?

वलीला अरबी चांगलं कळायचं. तिचे शब्द त्याला सगळे कळले. त्याने बादलीतलं पांढरं पाणी मोरीत ओतलं आणि नळ सोडला.

“डॉक्टरांना विचारा,” तो म्हणाला, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.